सावित्रीचा गाळ आणि मगरीचं घरटं

महाड हे एके काळी बंदर होतं, असं सांगितलं तर आजच्या मुलांना ते खरं वाटत नाही. पण समुद्राची भरती सावित्री नदीतून महाडच्या परिसरापर्यंत पोचते आणि त्या पाण्यावर इथं गलबतं येत असत. गांधारपाल्याची बौद्ध लेणी म्हणजे या जुन्या व्यापारी वाटेची खूणच. पुढे नदी गाळानं भरत गेली, रस्ते झाले आणि बंदर मागं पडलं. नदीतली एक जुनी रहिवासी मात्र टिकून राहिली, ती म्हणजे मगर.

शिकारीमुळे आणि कातड्याच्या व्यापारामुळे देशभर मगरी कमी होत चालल्या होत्या. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मगरीला सर्वोच्च संरक्षण दिलं आणि 1975 साली केंद्र सरकारनं मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला. बंदुकीपासून मगर वाचली. पण वाळू उपसणाऱ्या यंत्रापासून तिला कसं वाचवायचं, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात आला नव्हता.

पूर्वी खाडीत हातपाटीनं वाळू काढत. माणूस बुडी मारून पाटी भरी. त्याच्या दमालाच मर्यादा होती, म्हणून उपशालाही होती. यंत्रांनी ती मर्यादा काढून टाकली. पात्र खोल गेलं की काठ ढासळतात आणि पुलांचे पायही उघडे पडू शकतात. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरांपेक्षा लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरवली. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा वाळूउपशाची चर्चा पुन्हा झाली.

त्यानंतर आला 22 जुलै 2021. महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास 600 मिलिमीटर पाऊस झाला. महाड बुडालं. तळियेवर दरड कोसळली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली. 2005 साली जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथं हेच घडलं होतं. डोंगराची माती शेवटी नदीतच येते. नदीतला गाळ आणि बेटं काढा, ही महाडकरांची मागणी त्या अनुभवातून आली आणि पुढे ते काम सुरूही झालं. ज्याच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढलं, त्याला मगरीचं कौतुक सांगत बसू नये, एवढं मलाही कळतं. गाळ काढायलाच हवा.

अडचण आहे ती महिन्यांची. नदीत यंत्रं उतरवता येतात ती पाणी ओसरल्यावर, उन्हाळ्यात. आणि मगरीची मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावरच्या उंच, कोरड्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. दोनेक महिने ती जवळपास राखण करते. आतून पिल्लांचा आवाज आला की माती उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात सोडते. त्या काठावरून एकदा यंत्र फिरलं की वर्षाची वीण संपली. चंबळच्या अभयारण्यात बेकायदा वाळूउपशानं घडियालांच्या घरट्यांवर हेच संकट आणलं आहे.

यावर उपाय साधा आहे. घरट्यांचे काठ जानेवारीतच पाहून त्यांवर खुणा कराव्यात. काठालगतचं काम जानेवारीअखेर उरकावं आणि फेब्रुवारीनंतर यंत्रं पात्राच्या मध्यभागी चालवावीत. ऊन खायला मगरी ज्या बेटांवर येतात, त्यांतली पुराला आड न येणारी एक-दोन बेटं ठेवावीत. काढलेला गाळ पूररेषेच्या बाहेर टाकून त्यावर झाडोरा वाढवावा. काठावर ढीग केला तर पहिल्याच पावसात तो परत नदीत येईल. डोंगरउतारावरची झाडं राखली तर मुळात गाळच कमी येईल. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी मगरीइतक्याच महाडच्या बाजारपेठेच्याही हिताच्या आहेत.

पुढच्या वेळी गाळ काढण्याचं वेळापत्रक जाहीर झालं की महाड-पोलादपूरकरांनी किती गाळ निघणार हे तर विचारावंच. पण कोणत्या महिन्यात, कोणत्या काठावरून निघणार आणि तो कुठं टाकणार, हेही विचारावं.