काकांचे दोन हाथरस

हिंदी कविसंमेलनांच्या रसिकांना हाथरस हे गाव काका हाथरसींमुळे ठाऊक आहे. संगीताच्या विद्यार्थ्यांना ते पुस्तकांवरील प्रकाशकाच्या पत्त्यामुळे. दोन्हींमागे माणूस एकच होता. काकांना केवळ दाढीवाला विनोदी कवी मानले की त्यांच्या विनोदाचे मूळच हातातून निसटते.

प्रभुलाल गर्ग यांचा जन्म १८ सप्टेंबर १९०६ चा. ते तान्हे असतानाच वडील प्लेगने गेले आणि बालपण हलाखीत सरले. पुढे एका नाटकातील 'काका'ची भूमिका इतकी गाजली की भूमिकेचे नावच त्यांना चिकटले. १९३२ मध्ये त्यांनी हाथरसला प्रकाशनसंस्था काढली. तीच पुढे 'संगीत कार्यालय' म्हणून नावारूपाला आली. १९३५ पासून 'संगीत' मासिक निघू लागले. 'वसंत' या टोपणनावाने त्यांनी लिहिलेले 'संगीत विशारद' आजही परीक्षार्थींच्या हाती असते.

मराठी वाचकाचा धागा येथे जुळतो. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी 'हिंदुस्थानी संगीतपद्धति' हा गुरुशिष्य-संवादरूप ग्रंथ मराठीत लिहिला. तो आणि 'क्रमिक पुस्तकमालिका' हिंदीत उतरून उत्तर भारतात पोहोचली, ती हाथरसच्या या कार्यालयामार्फत. मुंबईत मराठीत मांडलेले शास्त्र हिंदी प्रदेशाच्या घराघरांत नेण्यात एका हास्यकवीचा असा वाटा आहे.

गावही अनुकूल होते. हिंगाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले हाथरस नौटंकीचेही मोठे केंद्र होते. दोहा-चौबोला ऐकून श्रोत्यांचे कान छंदाला सरावलेले होते. काकांनी निवडलेला कुंडलिया छंद याच परंपरेतला, गिरिधर कविरायांनी नीतिकाव्यासाठी लोकप्रिय केलेला. आरंभी दोहा, मग रोळा. सहा ओळी, ओळीला चोवीस मात्रा. दोह्याचा शेवटचा तुकडा रोळ्याच्या आरंभी पुन्हा येतो. पहिल्या शब्दावरच शेवट करण्याचा नियम काकांनी नेहमी पाळला नाही. पुनरुक्तीचा मात्र पुरेपूर उपयोग केला. ओळखीचा तुकडा पुन्हा ऐकून श्रोता निर्धास्त होतो आणि तेवढ्यात अर्थ वळण घेतो. ख्यालातील मुखडा परत येतो आणि पुढची तान अनपेक्षित निघते, तसेच हे. नाव आणि माणूस यांतील विसंगतीवरची त्यांची गाजलेली रचना याच युक्तीवर उभी आहे.

त्यांचे सारेच टिकाऊ आहे असे नाही. शरीरव्यंग, वर्ण आणि बायको यांवरचे विनोद आज खटकतात. भ्रष्टाचार, लाचखोरी, पुढारी यांच्यावरची टोचणी मात्र बोथट झालेली नाही. १९८५ मध्ये 'पद्मश्री' मिळाली, तरी मंचावर हशा मिळवणाऱ्या कवीकडे गंभीर समीक्षेने पाहण्याची सवय हिंदीला फारशी लागली नाही. मराठीनेही या बाबतीत फुशारकी मारू नये.

१८ सप्टेंबर १९९५ रोजी, जन्मतारखेलाच, काका गेले. कोणी रडू नये, ही त्यांची इच्छा. अंत्ययात्रा उंटगाडीवरून निघाली आणि स्मशानात हास्यकविसंमेलन रंगले. हा प्रसंग किस्सा म्हणून सांगितला जातो. प्लेगने पोरका केलेल्या मुलाने आयुष्यभर जे कमावले, त्याचा तो हिशेब होता. दुःखाला नाकारण्यापेक्षा त्याला तालात बसवणे अवघड असते, आणि काकांना ताल कळत होता.