गुन्हा, हप्ता आणि टोळी

'गुन्हा' हा शब्द मराठीत फारसीतून आला. उर्दूत 'गुनाह' म्हणजे पाप. कायदा मोडला तर तो 'जुर्म'. मराठीने मात्र पाप देवाकडे ठेवले आणि गुन्हा पोलीस ठाण्यात लिहून घेतला. शब्द असे घर बदलतात. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात. त्यावरून हप्ता म्हणजे आठवडा, आणि मग आठवड्याला वसूल होणारी रक्कम. 'खंडणी' ही मराठेशाहीत एका राज्याने दुसऱ्याकडून ठरवून घेतलेली रक्कम. 'सुपारी' तर शुभकार्याची. वाजंत्री ठरवताना द्यायची. मुंबईच्या टोळ्यांनी तीच खुनाला लावली.

आणि 'टोळी'? आमच्या कोल्हापुरात गळीत हंगाम लागला की ऊस तोडायला टोळ्या येतात. त्यांनाही मुकादम असतो. म्हणजे चारजण एकत्र आले, म्होरक्या नेमला, एवढ्याने गुन्हा होत नाही. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली, तर कायदा त्याला दरोडा म्हणतो. पण दरोडा एका रात्रीत आटोपतो. संघटित गुन्हेगारी हा बारमाही धंदा असतो. माणूस पकडला गेला तरी टोळी चालूच राहते.

हा फरक ओळखून महाराष्ट्राने 1999 साली कायदा केला. लोक त्याला 'मोक्का' म्हणतात. हिंसा, धमकी किंवा दहशतीने आर्थिक लाभासाठी सतत चालवलेली बेकायदा कृत्ये, ही त्यातली मुख्य खूण. मागच्या 10 वर्षांत टोळीवर एकाहून अधिक आरोपपत्रे असावी लागतात. अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाबही यात पुरावा ठरू शकतो. शब्दाला इतकी धार आहे, म्हणून तो कुणाला लावायचा हा प्रश्न मोठा.

कारण पूर्वी हा शब्द कृत्याला नव्हे, जन्माला लावला गेला. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी यांची मुले पाळण्यातच गुन्हेगार ठरली. मोठ्यांनी चावडीवर हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरडांना हजेरी होती. शाहू महाराजांनी 1918 साली ती बंद केली आणि फासेपारध्यांना कामे दिली. इंग्रजांचा कायदा मात्र 1952 पर्यंत टिकला. तो गेल्यावर या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या गेल्या. कागदावरचा शिक्का पुसला. गावात चोरी झाली की नजर अजून पालाकडेच वळते.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत संघटित गुन्ह्याचे कलम देशभर लागू झाले. पुढच्याच कलमात टोळीने केलेल्या भुरट्या चोऱ्या, तिकिटांचा काळाबाजार, प्रश्नपत्रिका विकणे हेही आले. जाळे रुंद झाले आहे. खंडणीखोर त्यात सापडावा, हे खरेच. पण संघटित असतो तो धंदा. जात कधीच नसते. महाराजांनी हजेरीचे पुस्तक मिटले, ते कुणीही पुन्हा उघडू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)