काळी जमीन आणि कललेला शाफ्ट

वाशीम जिल्ह्यातील कारंजा ही कापसाची जुनी बाजारपेठ. पूर्वी जिनिंग कारखान्यात सरकी काढणारे अनेक रेचे एकाच लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी फिरवीत. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया जरासा खचला, की शाफ्टची रेषा बिघडते, बेअरिंग तापते. आणि भोवती तर कापूस!

स्वीडनमधील गॉथेनबर्गची एक कापडगिरणीही अशीच चिकणमातीवर उभी होती. तेथील अभियंता स्वेन विंगक्विस्ट याने १९०७ साली गोळ्यांच्या दोन ओळींची बेअरिंग बनवली. तिच्या बाहेरच्या कड्याचा आतला पृष्ठभाग गोलाकार असल्याने शाफ्ट कलला, तरी ती अडत नसे.

यंत्राच्या उभ्या चौकटीवर बोल्टने आवळायच्या आजच्या फ्लँज बेअरिंगमध्ये बाहेरचे कडेच बाहेरून गोलाकार असते. ते घरात फिरून बसवतानाचा कल सावरते. सतत हेलकावणाऱ्या शाफ्टला मात्र ते पुरत नाही. म्हणून निवड करताना भार, वेग आणि धूळ अडवणारे सील यांबरोबर पायाही तपासावा लागतो.

वर्गात काळ्या मातीची ओली वीट करून वाळवा आणि ती किती आखडते, ते पट्टीने मोजा.