बर्फात मनालीला जायचंय? भाड्याची गाडी घेताना आकार नाही, चाकं बघा

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईहून विमानाने चंदीगड गाठायचं, तिथून भाड्याची गाडी घ्यायची आणि स्वतः चालवत मनालीला बर्फ बघायला जायचं, हा बेत आता अनेक मराठी घरांत शिजतो. अंतर साधारण 300 किलोमीटर. गाडी निवडताना बहुतेकांचा हिशोब सरळ असतो: डोंगर आहे, बर्फ आहे, म्हणजे मोठी एसयूव्ही हवी. हा हिशोब अर्धाच बरोबर आहे आणि उरलेला अर्धा महागात पडू शकतो.

27 डिसेंबर 2024 रोजी मनालीजवळच्या सोलंग नाला भागात बर्फ पडला आणि सुमारे हजार वाहनं जागच्या जागी अडकली. त्यांतल्या जवळपास पाच हजार पर्यटकांना कुल्लू पोलिसांनी बाहेर काढलं. अशा वेळी मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ नीट पाहिले, तर छोट्या गाड्यांच्या बरोबरीने उंचच उंच एसयूव्हीही आडव्या होऊन घसरताना दिसतात.

एसयूव्ही म्हणजे फोर बाय फोर नव्हे

क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन या भारतात सर्रास भाड्याने मिळणाऱ्या एसयूव्ही. तिन्हींमध्ये इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते, म्हणजे स्विफ्टसारख्या हॅचबॅकला जाते तशीच. गाडी जमिनीपासून थोडी उंच असल्यामुळे खड्ड्यांत आणि दगडगोट्यांवर त्याचा उपयोग होतो. घसरड्या बर्फावर पकड मात्र वाढत नाही.

इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो आणि स्कॉर्पिओच्या बहुतेक आवृत्त्या मागच्या चाकांवर चालतात. इंजिनाचं वजन पुढे आणि ढकलणारी चाकं मागे, त्यामुळे मागे माणसं-सामान कमी असेल तर बर्फावर चाक नुसतंच फिरतं आणि गाडीची शेपटी बाजूला सरकते. निव्वळ बर्फाचा विचार केला, तर पुढच्या चाकांवर चालणारी साधी हॅचबॅक रिकाम्या क्रिस्टापेक्षा बरी.

सगळ्यात जास्त फसगत थारच्या बाबतीत होते. महिंद्राने जानेवारी 2023 मध्ये थारची फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त आवृत्ती आणली. पाच दारांची थार रॉक्स पेट्रोलमध्ये घेतली, तर तीही फक्त मागच्या चाकांवर चालते. बाहेरून पाहून फरक सहज कळत नाही आणि ॲपवरच्या फोटोत तर अजिबात नाही. म्हणून ‘थार आहे ना?’ असं न विचारता ‘फोर बाय फोर आहे का?’ असं विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. गाडी ताब्यात घेताना गिअरच्या दांड्याशेजारी ‘टू एच, फोर एच, फोर एल’ असं लिहिलेला दुसरा दांडा दिसला पाहिजे. काही गाड्यांत त्याऐवजी बटण असतं. मारुतीच्या जिम्नीत हा गोंधळ नाही, कारण भारतातली प्रत्येक जिम्नी फोर बाय फोर आहे. पण चौघं बसली की त्यांच्या बॅगा डिकीत मावणार नाहीत.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकलेला बरा. फोर बाय फोर गाडीला निघायला आणि चढायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात आणि बर्फावर थांबायला टायर जेवढी पकड देईल तेवढीच मिळते. त्यामुळे चढताना आलेला आत्मविश्वास उतारावर नडतो.

मग फोर बाय फोर घ्यायचीच का?

बहुतेक कुटुंबांसाठी उत्तर ‘नाही’ असं आहे. चंदीगडहून बिलासपूर, मंडी, कुल्लूमार्गे मनालीपर्यंतचा रस्ता हिवाळ्यात बहुतांश दिवस कोरडा असतो. खरा बर्फ मनालीच्या पुढे असतो. सोलंग आणि मग अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू, कोकसर. 9.02 किलोमीटरचा हा बोगदा ऑक्टोबर 2020 मध्ये खुला झाल्यापासून लाहौल खोरं हिवाळ्यातही पर्यटकांच्या आवाक्यात आलं. रोहतांग खिंड मात्र हिवाळ्यात बंदच असते. बर्फ पडला की पोलीस अनेकदा नेहरू कुंड किंवा सोलंगच्या पुढे फक्त फोर बाय फोर गाड्या किंवा चेन लावलेल्या गाड्या सोडतात. त्या एका दिवसासाठी आठवडाभर महागडी गाडी बाळगण्यापेक्षा मनालीपर्यंत पुढच्या चाकांवर चालणारी साधी गाडी न्यावी आणि पुढे स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी करावी, हे खिशाला आणि जिवाला दोन्हीला परवडतं. तिथला चालक तो रस्ता रोज तुडवत असतो.

मनालीत मुक्कामीच बर्फ पडला तर? हॉटेलची चढणीवरची गल्लीसुद्धा निसरडी होते. गाडी दिवसभर तिथेच राहू द्यावी. बेतात एक दिवस रिकामा ठेवला असेल तर हे सोपं जातं.

टायर, चेन आणि इंजिन

साध्या टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण 7 अंशांखाली ते जाणवू लागतं. बर्फासाठीचे खास टायर भारतातल्या भाड्याच्या गाड्यांना जवळपास नसतातच. निदान नक्षी खोल आहे ना, स्टेपनीत हवा आहे ना, हे बघावं. चेन ताकद जाणाऱ्या चाकांना लावायची: क्रेटाला पुढे, क्रिस्टाला मागे. त्या टायरच्या मापाच्याच हव्यात, एकदा मोकळ्या जागेत लावून पाहायला हव्यात आणि कोरडा रस्ता आला की काढायच्या, नाहीतर टायर आणि रस्ता दोन्हींची वाट लागते.

उंचीवर हवा विरळ होते. दर हजार मीटरला साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद अंदाजे दहा टक्क्यांनी घटते, त्यामुळे छोट्या इंजिनाच्या गाडीत पाच माणसं आणि टपावर बॅगा ही जोडी नको. टर्बो इंजिनाला हा त्रास कमी होतो. डिझेलची अडचण वेगळी आहे. कडाक्याच्या थंडीत त्यातलं मेण गोठतं आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. लडाखसारख्या भागांसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं, ते याच कारणाने. सीएनजी गाडी तर टाळावीच: डिकी टाकीने भरलेली, ताकद कमी आणि डोंगरात पंप दुर्मीळ.

रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरलेलं नाही ना, हेही विचारावं. मैदानात ते खपून जातं, डोंगरात रात्री गोठतं.

पाटी काळी की पांढरी?

स्वतः चालवायच्या अधिकृत भाड्याच्या गाडीची नंबर प्लेट काळी आणि त्यावरची अक्षरं पिवळी असतात. चालकासह येणाऱ्या टॅक्सीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. पांढरी प्लेट खासगी गाडीची. ती परवान्याशिवाय भाड्याने देता येत नाही. पोलिसांनी पकडलं तर दंड होतो, गाडी जप्तही होऊ शकते. त्याहून मोठा धोका अपघातानंतरचा आहे. भाड्याने दिलेल्या खासगी गाडीचा विमा दावा कंपनी नाकारू शकते. दिवसाचे पाचशे रुपये वाचवण्यासाठी हा जुगार कोणी खेळू नये.

करारात दोन ओळी शोधाव्यात: बर्फाळ भागात गाडी न्यायला परवानगी आहे का, आणि टायर व गाडीच्या पोटाचं नुकसान कोणाच्या खिशातून जाणार. बऱ्याच करारांत ते ग्राहकाच्याच माथी असतं. ताबा घेताना व्हिडिओ काढताना म्हणूनच दारांवरच्या ओरखड्यांबरोबर गाडीच्या खालचाही काढावा.

रात्र गाडीत काढावी लागली तर

जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक लोक दगावले. अशा वेळी थंडीइतकाच धोका विषारी वायूचा असतो. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं आणि हीटरसाठी इंजिन चालू राहिलं, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत साचतो. त्याला वास नसतो आणि माणसाला आधी झोप येते. इंजिन सुरू करण्यापूर्वी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन थोडा थोडा वेळच चालवावं, एक काच बोटभर उघडी ठेवावी आणि कोणीतरी एकाने जागं राहावं. गाडीत फावडं, पांघरुणं, पाणी, टॉर्च आणि अर्ध्याहून जास्त भरलेली टाकी असावी.