पेन ड्राइव्हमधली गाणी कोणाची?

तुमच्या गाडीत अजून एखादा पेन ड्राइव्ह असेल. त्यात ‘नाट्यगीते’, ‘बाबांच्या कॅसेट’ अशी फोल्डरं आणि गाणं सुरू होण्याआधीची ती ओळखीची खरखर. आडरानातल्या हायवेवर फोनची रेंज गेली तरी ही गाणी थांबत नाहीत. आज साध्या वाटणाऱ्या या सोयीमागे एक कोर्टकज्जा आहे.

१९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीतला रेडिओ बाजारात आला, पण काय ऐकायचं ते रेडिओ स्टेशनच ठरवायचं. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि पुढे ती मोटारीत पोचल्यावर निवड चालवणाऱ्याच्या हाती आली. भारतवारीहून परतताना बॅगेत कॅसेट भरून आणणाऱ्या आपल्या आधीच्या पिढीसाठी ही मोठीच गोष्ट होती.

मग आली एमपीथ्री. १९९८ मध्ये डायमंड कंपनीने ‘रिओ’ हा खिशात मावणारा प्लेअर काढला. त्याची मेमरी फक्त ३२ मेगाबाइट, म्हणजे जेमतेम तासाभराचं संगीत. तरीही अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना त्याची विक्री थांबवण्यासाठी कोर्टात गेली. जून १९९९ मध्ये अपील कोर्टाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला. आपल्याकडे आधीच असलेलं संगीत स्वतःच्या वापरासाठी दुसऱ्या यंत्रावर नेणं हा खासगी, बिगरव्यापारी उपयोग आहे, असं कोर्टाने म्हटलं. ऑक्टोबर २००१ मध्ये आयपॉड आला तो या निकालानंतर.

पण या मोकळीकीला कुंपणही आहे. विकत घेतलेली सीडी तुम्ही विकू शकता, कोणाला देऊन टाकू शकता. विकत घेतलेल्या डिजिटल फाइली मात्र ‘रीडिजि’ नावाच्या कंपनीमार्फत पुन्हा विकणं २०१८ मध्ये अपील कोर्टाने बेकायदा ठरवलं. आणि स्ट्रीमिंगवरची गाणी तर आपली नसतातच. वर्गणी थांबली की तीही थांबतात.

म्हणून मूळ कॅसेट आणि सीडी टाकून देऊ नका. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणखी एक विनंती: फाइलचं नाव ‘ट्रॅक ०७’ असं राहू देऊ नका. ‘गीतरामायण’च घ्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं तेव्हा ५६ गाणी वेगवेगळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती; आज बहुतेकांच्या कानात आहेत ती सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातली. कोणी रेडिओवरून टेप करून ठेवलेलं गाणं आणि दुकानातून आणलेलं गाणं यांतला फरक नुसत्या फाइलवरून पुढच्या पिढीला कळायचा नाही. गायक, साल आणि ते कुठून मिळालं, एवढं लिहून ठेवा. अजून सांगणारी माणसं घरात आहेत, तोवरच हे काम सोपं आहे.