बडोद्याचा ‘सयाजीराव’ घोडा आणि न पारखलेल्या नराची जोखीम

बडोद्यात ‘सयाजीराव’ म्हटलं की ग्रंथालयं, कमाटीबाग, विद्यापीठ डोळ्यांपुढे येतं. इंग्लंड-आयर्लंडमधल्या घोडाशर्यतींच्या जाणकारांना मात्र याच नावाचा एक घोडा आठवतो. आपल्याकडे त्याची गोष्ट किमतीपाशी सुरू होऊन शर्यतींपाशी संपते. माझ्या मते खरी जोखीम त्यानंतर सुरू झाली.

१९४५ साली दान्ते नावाच्या घोड्याने इंग्लंडची डर्बी जिंकली. त्याच वर्षी त्याचा सख्खा धाकटा भाऊ, जेमतेम वर्षाचं शिंगरू, लिलावात आला. महाराजा प्रतापसिंहराव गायकवाडांसाठी तो २८,००० गिनींना घेतला गेला. वर्षाच्या शिंगराला तोवर एवढी किंमत आली नव्हती. गिनी २१ शिलिंगांची, रुपया दीड शिलिंगाचा. म्हणजे ३ लाख ९२ हजार रुपये झाले! तेही एकदाही न धावलेल्या जनावराला, केवळ भावाच्या नावावर.

घोडा नशिबाने चांगला निघाला. १९४७ साली टू थाउजंड गिनीज आणि डर्बीत तो तिसरा आला, आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकला. पुढे पैदाशीला ठेवला, आणि पुन्हा नवखा ठरला. जोरात धावणं वेगळं, तो जोर पोरांत उतरवणं वेगळं.

आता हिशेब पाहा. घोडी सुमारे ११ महिने गाभण राहते, वर्षाला एकच शिंगरू देते. शिंगरू दोन वर्षांचं झाल्यावर धावू लागतं, तीन वर्षांचं असताना डर्बीसारख्या शर्यती. म्हणजे १९४९ च्या वसंतात घोडी लावली, तर पोर धावपट्टीवर दिसणार १९५२ ला. तोवर त्याच नराचे चार हंगाम होऊन जातात. मी इंजिनिअर माणूस. कारखान्यात आम्ही पहिला नमुना तपासूनच पुढचा माल मागवायचो. इथे चौथा लॉट मागवून झाल्यावर पहिल्याचा रिपोर्ट हातात येतो. नर फसला तर त्याच्या मालकाची निदान फी तरी जमा झालेली असते. दोन-तीन घोड्या बाळगणाऱ्याची मात्र वर्षं जातात.

बरं, रिपोर्ट लगेच खरा असतो असंही नाही. महाराजांच्याच माय बाबूने १९४८ ची टू थाउजंड गिनीज जिंकली, आणि त्याच्या अवर बाबू या मुलाने १९५५ ला तीच शर्यत मारली. सात वर्षांत उत्तर मिळालं. सयाजीरावाची नावाजलेली पोरं लांब पल्ल्याची निघाली. ग्लॅडनेस या घोडीने अ‍ॅस्कॉट गोल्ड कप जिंकला तो १९५८ साली, पाच वर्षांची झाल्यावर. लिंक्रिस १९६० ला आयरिश ओक्स जिंकली. इंडियानाने बापाची सेंट लेजर जिंकली १९६४ ला, बापानंतर १७ वर्षांनी. दोन वर्षांच्या पोरांवरून ज्यांनी या नराची पारख केली असेल, ते चुकलेच म्हणायचे. आणि प्रतापसिंहरावांना तर १९५१ मध्येच गादीवरून दूर केलं गेलं होतं.

उलट उदाहरण टुल्यारचं. पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणाऱ्या आगाखानांचा हा घोडा १९५२ ची डर्बी आणि सेंट लेजर जिंकला. पुढच्याच वर्षी आयरिश नॅशनल स्टडने तो अडीच लाख पौंडांना घेतला. पैदाशीत मात्र त्या किमतीला साजेसं यश त्याला मिळालं नाही.

मग लोक नव्या नराकडे जातातच का? एक कारण, पारखलेल्या नराची फी परवडत नाही. दुसरं त्याहून मोठं. सयाजीरावाचा बाप नेअर्को १४ पैकी १४ शर्यती जिंकून १९३८ साली ६०,००० पौंडांना विकला गेला, तेव्हा तोही पैदाशीत कोराच होता. कुणीच घोडी लावली नसती, तर ना दान्ते झाला असता, ना आपला सयाजीराव.

म्हणून मी या लोकांना मूर्ख म्हणणार नाही. फक्त बडोद्याच्या घोड्याची गोष्ट सांगताना २८,००० गिनींबरोबर त्या अनाम घोड्यांच्या मालकांचीही आठवण ठेवावी. उत्तर हाती नसताना त्यांनी आपली वर्षं पणाला लावली होती.