नंदाखालचे चर्च : साडेचार शतकांचे धर्मग्राम

विरार स्थानकातून पश्चिमेकडे निघालेल्या वाहनाची पाठ बोळींजपर्यंत इमारती सोडत नाहीत. त्यापुढे मात्र रस्ता अरुंद होतो, दुतर्फा केळीच्या वाड्या आणि नारळाची झाडे दिसू लागतात, वळणावर चुना दिलेला एखादा क्रूस उभा असतो. आगाशीच्या परिसरातील नंदाखाल हे गाव या पट्ट्यातले. येथील पवित्र आत्म्याच्या चर्चची, म्हणजेच होली स्पिरिट चर्चची स्थापना १५७३ मधील. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा आणखी सत्तावन्न वर्षे अवकाश होता. २०२३ मध्ये या चर्चने साडेचारशे वर्षे पूर्ण केली.

मुंबईकराला वसई म्हटले की किल्ला आठवतो. किल्ल्यातील चर्चचे आज भग्नावशेष उरले आहेत. त्यांची छायाचित्रे निघतात, त्यांत चित्रपटांची चित्रीकरणे होतात. गावांतील चर्च मात्र नांदती आहेत. नंदाखाल, पापडी, सांडोर, रेमेदी अशा ठिकाणी शतकानुशतके बाप्तिस्मे होत आले, लग्ने लागली आणि माणसे मातीआड झाली. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशे वर्षे उलटली तरी तिच्या काळात रुजलेली ही गावसंस्था टिकून आहे. इतकेच नव्हे, तर ती पुरती मराठी झाली आहे.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढे वसई त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा निरनिराळ्या संघांचे मिशनरी येथे आले. त्या काळातील धर्मांतरे कोठे समजुतीने, कोठे सवलतींच्या आशेने, तर कोठे बळजबरीने झाली. देवळे पाडली गेली, हेही नाकारण्याचे कारण नाही. वसईतील ख्रिस्ती लेखक आणि धर्मगुरूंनीही या इतिहासाची मोकळेपणाने चर्चा केली आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि चित्र पालटले. मोजकी चर्च राखण्याची मुभा तहात होती, परंतु युरोपीय मिशनरी निघून गेले. पडलेल्या चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. भीमाशंकर, वाईजवळील मेणवली आणि नाशिकचे नारोशंकर मंदिर येथील पोर्तुगीज घंटा आजही पाहता येतात. पेशवाईत काही कुटुंबे शुद्धीकरणाने हिंदू धर्मात परतली, बाकीची ख्रिस्ती राहिली. ती का राहिली, याचा विचार फारसा होत नाही. राजाश्रय गेला होता. धर्म बदलण्यात लाभच होता. अशा वेळी गोव्याहून आलेल्या एतद्देशीय पाद्रींनी ही धर्मग्रामे सांभाळली. कोणत्याही सत्तेच्या बळाविना श्रद्धा टिकवण्याचा हा काळ वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या घडणीत निर्णायक ठरला, असे म्हणावे लागते.

‘धर्मग्राम’ हा शब्द येथे सहज वापरला जातो. इंग्रजीतील ‘पॅरिश’साठी योजलेला हा प्रतिशब्द मुळापेक्षा सरस वाटतो, कारण त्यात गाव आहे. अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत होतो. नंदाखालसह वसईची गावे १८८६ नंतर दमण धर्मप्रांतात होती, १९२८ मध्ये ती मुंबईकडे आली आणि मे १९९८ मध्ये स्वतंत्र वसई धर्मप्रांत स्थापन झाला. थॉमस डाबरे हे त्याचे पहिले बिशप. ज्या धर्मप्रांताची उपासना आणि पत्रव्यवहार मुख्यतः मराठीतून चालतो, असे धर्मप्रांत विरळाच.

उत्तर वसईच्या या पट्ट्यात कुपारी समाजाची वस्ती मोठी आहे. मूळचे सामवेदी ब्राह्मण असलेल्या या समाजाचे नाव ‘कोंपाद्रे’ या पोर्तुगीज शब्दावरून आल्याचे मानले जाते. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचा धर्मपिता होणारा, तो कोंपाद्रे. त्यांची कादोडी बोली मराठीची. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्या पुणेकराला तिची दोन वाक्ये समजली तर तिसरे हुलकावणी देते. सामवेदी हिंदूंचीही घरे याच परिसरात आहेत आणि बोली दोघांचीही तीच. लोपीस, तुस्कानो, डाबरे, डिमेलो ही आडनावे असलेल्या घरांतील आजीबाई लाल लुगडे नेसतात आणि चर्चला ‘देऊळ’ म्हणतात. नवख्या माणसाला हे नवल वाटेल. गावाला त्यात काही वेगळे वाटत नाही.

धर्मग्रामाचा दिवस घंटेवर चालतो. पहाटेच्या मिस्सेला येणारे बहुतेक जण तेथून थेट वाडीत जातात. रविवारी मुलांचे धर्मशिक्षण असते. पाळकीय परिषद, महिला मंडळ, युवक संघटना आणि गरजूंना मदत करणारी संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था अशी कामाची विभागणी असते. वस्त्यांचे लहान गट केलेले असतात. एखाद्या घरात आजारी माणूस असल्याची वर्दी धर्मगुरूंकडे याच गटांतून पोचते. मे महिन्यात आळीतल्या क्रूसापाशी सायंकाळी रोझरी म्हटली जाते. लग्न असेल तर मांडव पडतो, बँड वाजतो आणि सारी आळी राबते.

नंदाखालच्या चर्चचा सण पेन्टेकॉस्टचा. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणारा हा सण बहुधा मेच्या उत्तरार्धात किंवा जूनच्या आरंभी, म्हणजे पेरणीच्या तोंडावर पडतो. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना. बायबलमधील कथेनुसार त्या दिवशी पवित्र आत्मा प्रेषितांवर उतरला आणि जमलेल्या नाना देशींच्या लोकांना त्यांचे बोल आपापल्या भाषेत ऐकू आले. नंदाखालला मात्र त्यासाठी पुष्कळ थांबावे लागले. येथील मिस्सा शतकानुशतके लॅटिनमध्ये होत असे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेला वाट मोकळी केली आणि वसईने मराठी निवडली. केवळ अनुवादावर भागण्यासारखे हे काम नव्हते. प्रार्थना आणि गीते मराठी छंदात बसवावी लागली. पेटी व तबल्याच्या साथीने मराठी भक्तिगीते म्हणणारी गायकवृंदांची परंपरा यातूनच उभी राहिली.

या मराठीकरणाचे महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित असलेले नाव नंदाखालचेच आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म १९४२ मध्ये याच गावात झाला आणि येथील सेंट जोसेफ या मराठी शाळेत ते शिकले. १९७२ मध्ये त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली. १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादन करताना त्यांनी ते धर्मसमाजापुरते न ठेवता मराठी वाङ्मयीन जगाशी जोडले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरूला हे पद द्यावे काय, असा आक्षेप त्या वेळी काहींनी घेतला होता. वसईत त्या आक्षेपाने अनेकांना वेदना झाल्या, कारण तेथे हा प्रश्न कोणाला सुचलाही नसता. २५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो यांचे निधन झाले. त्यांचा अंत्यविधी नंदाखालच्या याच चर्चमध्ये झाला.

त्यांच्या नावाशी जोडलेले दुसरे काम पाण्याचे. वसईची शेती बावखळांवर उभी राहिली. वाड्यांमध्ये खोदलेली ही गोड्या पाण्याची तळी पावसाचे पाणी धरून ठेवतात, ते जमिनीत मुरते, विहिरी भरतात आणि समुद्राचे खारे पाणी आत सरकत नाही. या पाण्यावर पानवेल, फुले, भाजीपाला आणि केळी होत. राजेळी केळ्यांपासून उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही या भागाची ओळख. मुंबई वाढली तशी बांधकामे आली, त्यांच्यासाठी विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले आणि विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. धर्मगुरू रस्त्यावर उतरले. मोर्चांत ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी एकत्र चालले, धमक्या आल्या तरी चळवळ थांबली नाही. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका स्थापन झाली तेव्हा आपली गावे वगळावीत म्हणून पश्चिम पट्टा पुन्हा एकदा पेटून उठला.

चर्चने शेतीत आणि पैशाच्या व्यवहारात लक्ष घालणे वसईला नवे नाही. शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून पापडी येथे १९१८ मध्ये मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था निघाली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. तिच्या उभारणीचा इतिहास हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आजच्या अडचणी वेगळ्या आहेत. बावखळे बुजवली जात आहेत. वाडी विकली की रक्कम मोठी मिळते आणि मुलाला शेती नको असते. दफनभूमीतील जागाही अपुरी पडते. म्हणून वसईतील काही धर्मग्रामांनी शवपेटी टाळून केवळ सुती वस्त्रात गुंडाळून दफन करण्याची पद्धत स्वीकारली आहे. लाकूड वाचते, देह मातीत लवकर मिसळतो आणि गरीब कुटुंबाचा खर्चही टळतो. सुरुवातीला काही घरांनी कुरकुर केली, पुढे ती मावळत गेली.

भाषेचा प्रश्न अधिक अवघड आहे. मुले इंग्रजी शाळांत जातात, रेल्वे स्थानकालगतच्या धर्मग्रामांत मुंबईहून आलेल्या कुटुंबांसाठी इंग्रजी मिस्साही होतात. नंदाखालसारख्या गावात अजून तशी निकड नाही. परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गात मराठी पुस्तक अडखळत वाचणारी मुले येथेही दिसू लागली आहेत. घरी आजी कादोडीत बोलते, आई मराठीत आणि मूल उत्तर इंग्रजीत देते. रविवारी मात्र तिघेही एकाच बाकावर बसून मराठी मिस्सा ऐकतात.